युटामधील शैलचित्रे आणि भाड्याची जीप

अमेरिकेच्या युटा राज्यातील शैलचित्रे पाहण्यासाठी मोअब या गावातून आम्ही ऑक्टोबरमध्ये चार दिवसांसाठी फोर-व्हील ड्राइव्ह जीप भाड्याने घेतली. दुकानाचे नाव येथे देत नाही. विमानतळावर मिळणाऱ्या साध्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर जाण्यास बहुधा मनाई असते, म्हणून हा खर्च आम्हाला अटळ वाटला होता. प्रत्यक्षात चारांपैकी तीन दिवसांचे जादा भाडे वाया गेले.

त्या तीन दिवसांत पाहिलेल्या जागांना जीपची गरजच नव्हती: नाइन माइल कॅन्यन या घळीतील मुख्य रस्ता आता पक्का आहे, ६५० हून अधिक आकृत्या कोरलेला न्यूजपेपर रॉक हा खडक डांबरी रस्त्याच्या कडेलाच आहे आणि सेगो कॅन्यन थॉम्पसन स्प्रिंग्ज या वस्तीपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर आहे. सेगोमध्ये मात्र घाई करू नये, कारण बॅरियर कॅन्यन, फ्रीमाँट आणि यूट अशा मूळ अमेरिकी लोकांच्या तीन परंपरांची कला तेथे शेजारी-शेजारी दिसते, आणि त्यातील यूट चित्रे घोड्यांवरून चटकन ओळखता येतात, कारण या प्रदेशात घोडा स्पॅनिश लोकांनंतरच आला.

जीपचे पैसे वसूल झाले ते हॉर्सशू कॅन्यनच्या दिवशी. मोअबहून तेथे पोहोचण्यास सुमारे अडीच तास लागतात आणि हमरस्ता सोडल्यावरचे जवळपास ४८ किलोमीटर कच्चे आहेत. वाळू साचलेल्या पट्ट्यांत गाडीची उंची आणि चारही चाकांची ओढ किती कामाची असते, हे तेथे कळले. पुढे सुमारे २४० मीटर खाली उतरून, जाऊन-येऊन ११ किलोमीटर चालावे लागते आणि पिण्याचे पाणी कोठेही मिळत नाही. शेवटी ‘ग्रेट गॅलरी’ समोर येते. तेथे हात-पाय नसलेल्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या तांबूस आकृत्यांची रांग आहे, आणि त्यांतील काही माणसापेक्षाही उंच आहेत. या घळीचे जुने नाव बॅरियर कॅन्यन, त्यावरूनच शैलीचे नाव पडले. चित्राचा काही भाग घेऊन कोसळलेला दगड शेवटचा उजेडात कधी होता, हे मोजून संशोधकांनी २०१४ मध्ये या चित्रांचा काळ साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून ११०० पर्यंतचा ठरवला. कोकणातील कातळशिल्पे पायाखालच्या जांभ्यावर कोरलेली असल्याने आपण ती वाकून पाहतो. येथे मान वर करून बराच वेळ नुसते उभे राहावेसे वाटते.

सेवेविषयी तक्रार एकच, पण ती लहान नाही. स्टेपनीत हवा कमी होती, आणि हे आमच्या लक्षात आले ते कच्च्या रस्त्यावर निम्मे अंतर गेल्यावर, जेथे मोबाइलला रेंज नव्हती. सुदैवाने तिची गरज पडली नाही. परत आल्यावर दुकानदाराने दिलगिरी व्यक्त केली, मात्र भाड्यात सवलत दिली नाही. गाडी एरवी स्वच्छ व दणकट होती आणि कच्च्या रस्त्याची परवानगी करारात स्पष्ट लिहिलेली होती, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देतो. पुन्हा गेलो तर साधी गाडी घेऊन फिरेन, जीप हॉर्सशूच्या एका दिवसापुरतीच घेईन आणि दुकानाच्या आवारातच स्टेपनीची हवा मोजून घेईन.