फोरफ्लाइटचा टॅक्सी नकाशा: पैसे वसूल होतात ते जमिनीवर

फोरफ्लाइट हे वैमानिकांसाठीचं आयपॅडवरचं अ‍ॅप बहुतेक जण घेतात ते हवामान बघायला आणि मार्ग आखायला. त्यात ते उत्तमच आहे, त्यावर भरपूर लिहूनही आलंय. मला सांगायचंय ते त्यातल्या टॅक्सी नकाशाबद्दल, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना (टॅक्सी करताना) बघायच्या विमानतळाच्या नकाशाबद्दल. माझ्या मते या अ‍ॅपचा खरा उपयोग विमान जमिनीवर असतानाच होतो.

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहते आणि रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून भाड्याचं सेसना १७२ हे छोटं विमान उडवते. इथे ३१ लेफ्ट आणि ३१ राइट असे दोन समांतर रनवे आहेत, प्रत्येकी साधारण ३,१०० फूट, आणि एकमेकांना जवळजवळ खेटून. लेफ्टवर उतरलं की पार्किंगकडे यायला राइट ओलांडावा लागतो. मधली जागा एवढीशी, की रनवेवरून बाहेर वळेपर्यंत पुढच्या रनवेची थांबायची खूण नाकासमोर येते: चार पिवळ्या रेघा, दोन अखंड, दोन तुटक. अखंड रेघांच्या बाजूला आपण असू तर परवानगीशिवाय चाक पलीकडे जाता कामा नये. नेमकं याच वेळी कंट्रोल टॉवर रेडिओवर बोलत असतो आणि हात फ्लॅप्सकडे (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांकडे) जायला बघत असतो. फ्लॅप्स, ट्रिम, दिवे हे सगळं रेघेपाशी पूर्ण थांबल्यावर. तोवर काही नाही.

अ‍ॅप इथे काय करतं? एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) विमानतळाचा नकाशा उघडला की त्यावर आपलं छोटं निळं विमान दिसतं आणि आपल्याबरोबर सरकतं. रनवे जवळ आला की पडद्यावर सूचना येते आणि त्या रनवेचा नंबर मोठ्याने सांगितला जातो. रनवेत शिरताना पुन्हा. हेडसेट ब्लूटूथवर जोडला असेल तर तो आवाज थेट कानात येतो. माझ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट हा आवाजच आहे, कारण तो ऐकायला मान खाली घालावी लागत नाही.

या आवाजाची किंमत कळायची असेल तर अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन विमानतळावरचा अपघात वाचा. २७ ऑगस्ट २००६, पहाटेचा अंधार, कॉमएअरची फ्लाइट ५१९१. परवानगी होती रनवे २२ ची, लांबी ७,००३ फूट. तिथे पोचायला रनवे २६ ओलांडून पुढे जायचं होतं. विमान वळलं ते २६ वरच, आणि त्याची लांबी होती ३,५०१ फूट. ५० पैकी ४९ माणसं गेली, एकटा सहवैमानिक वाचला. बांधकामामुळे टॅक्सीवेची, म्हणजे रनवेकडे नेणाऱ्या रस्त्यांची, रचना बदलली होती आणि वैमानिकांकडचा नकाशा तिच्याशी जुळत नव्हता. तरीही रनवेची पाटी, होकायंत्राची दिशा, न पेटलेले कडेचे दिवे या खुणा समोर होत्याच, आणि त्या ताडून पाहिल्या गेल्या नाहीत, असं एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संस्थेने, स्पष्ट म्हटलं. ‘सव्वीस’ असं कानात सांगणारं त्या कॉकपिटमध्ये काही नव्हतं. मला हे वाचून अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

पण या आवाजाला परवानगी मिळाली की नाही ते कळत नाही. तुम्हाला ओलांडायला सांगितलेलं असो वा थांबायला, तो तेच बोलतो. रोज ऐकून कान त्याला सरावतात, आणि खरा धोका तिथे आहे. म्हणून आवाज आला की मी प्रत्येक वेळी मोठ्याने उत्तर देते, ‘क्लिअर्ड’ (परवानगी आहे) किंवा ‘होल्ड’ (थांबायचंय). उत्तर पटकन सुचलं नाही तर ब्रेक, आणि ग्राउंडला, म्हणजे जमिनीवरची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रकाला, विचारायचं. अमेरिकेत ३० जून २०१० पासून वाटेतल्या प्रत्येक रनवेसाठी वेगळी, स्पष्ट परवानगी लागते. त्यामुळे विचारण्यात संकोच कसला?

नकाशावर बोटाने लिहिता येतं, ही सोयसुद्धा मी खूप वापरते. ग्राउंडने मार्ग सांगितला की तो त्यांना जसाच्या तसा परत ऐकवायचा, मग ब्रेक दाबूनच नकाशावर रेघ ओढायची आणि जिथे थांबायचं तिथे आडवा जाड फराटा मारायचा. अनोळखी विमानतळावर हा फराटा फार आधार देतो. गोंधळाच्या जागा म्हणजे हॉट स्पॉट नकाशात आधीच दाखवलेले असतात. २०२२ पासून त्यांची चिन्हं देशभर एकसारखी झालीत: जमिनीवरच्या हालचालीसाठी वर्तुळ किंवा लंबगोल, चुकीच्या रनवेवर उतरण्याच्या धोक्यासाठी नळकांड्यासारखी आकृती. ती का आहेत हे एफएएच्या चार्ट सप्लिमेंट या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते निघण्याआधी वाचा, तिथे पोचल्यावर नाही.

चाकं फिरत असताना मी पडद्याकडे बघत नाही. शेजारी कोणी बसलं असेल तर टॅब्लेट त्यांच्या हातात देते आणि पुढची पाटी कोणती ते विचारते. लोकांना हे काम आवडतं. पंखाचं टोक, इंधनाची गाडी, मागून जेटचा झोत मारणारं मोठं विमान, यातलं काहीच निळ्या चिन्हाला दिसत नाही. निळ्या विमानाला पंखांची लांबी नाही, तुमच्या विमानाला आहे.

आयपॅड ३५ अंश सेल्सियसपर्यंतच वापरावा असं अ‍ॅपल सांगतं. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत काचेखाली तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. म्हणून जिथे जायचं तिथल्या नकाशाचा एक कागद छापून मांडीवरच्या पॅडला लावलेला असतोच. नकाशे दर २८ दिवसांनी अद्ययावत करा, आणि बंद टॅक्सीवेंसाठी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, वेगळे वाचा.

नुकतंच शिकायला लागला असाल, महाराष्ट्रातून इथे प्रशिक्षणाला आला असाल, तर लगेच घ्यायची घाई नको. आधी पाट्या डोळ्यांत बसू द्या: लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे रनवे, काळ्यावर पिवळी म्हणजे तुम्ही आहात तो टॅक्सीवे. एफएएचे नकाशे फुकट आहेत, ‘फ्रॉम द फ्लाइट डेक’ ही विमानतळांवरची व्हिडिओ मालिकाही फुकट आहे आणि फार चांगली आहे. एकट्याने अनोळखी विमानतळांवर जायला लागलात की मात्र जरूर घ्या. नकाशावर स्वतःची जागा आणि रनवेची सूचना कुठल्या प्लॅनमध्ये मिळते ते आधी तपासा. आणि आयपॅड सेल्युलरवाला बघा. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, त्याला बाहेरून वेगळा रिसीव्हर जोडावा लागतो.