कोअर एम्युलेटर: खऱ्या प्रोटोकॉलची आभासी कसोटी

फिरत्या वायरलेस नेटवर्कसाठीचा राउटिंग प्रोटोकॉल (डेटाचा मार्ग ठरवणारे नियम) तपासायचा असेल, तर मी कोअर (CORE) हे मुक्त एम्युलेटर, म्हणजे संगणकावर आभासी नेटवर्क उभे करणारे साधन, आधी सुचवेन; कारण लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमुळे (एकाच यंत्रात वेगवेगळे नेटवर्क-कप्पे करणाऱ्या सोयीमुळे) त्यात प्रत्येक नोडला, म्हणजे नेटवर्कमधल्या आभासी यंत्राला, स्वतंत्र नेटवर्क स्टॅक (नेटवर्क हाताळणारी यंत्रणा) मिळतो आणि मूळ प्रोग्रॅम एकाही ओळीचा बदल न करता चालतो. पडद्यावरचा नोड माऊसने दूर ओढला की पिंगची (संपर्क तपासणाऱ्या संदेशांची) उत्तरे थांबतात, आणि नवा मार्ग सापडताच पुन्हा येऊ लागतात. प्रोटोकॉल खरा कळतो तो इथे. मात्र त्याचे साधे वायरलेस प्रारूप जोडणी केवळ अंतरावरून ठरवते. सिग्नलमधील हस्तक्षेप किंवा ८०२.११ (वाय-फायचे मानक) मधील माध्यमासाठीची चढाओढ हवी असेल, तर ईमेन (EMANE) हे रेडिओ जोडणीचे अधिक तपशीलवार अनुकरण करणारे साधन जोडावेच लागते, आणि त्याची मांडणी चिकाटी मागते. प्रोसेसरवर ताण आल्यास मोजलेल्या विलंबावर विसंबू नये.