हीटरच्या नावाखाली २७,००० रुपये: थंडीत गाडी घेऊन उत्तरेला निघण्याआधी वाचा

गोव्यातल्या माणसाला गाडीत हीटर कशाला लागतो, असं विचारून हसू नका. दीड महिना सगळे हसूनच घेताहेत. आमच्याकडे भर जानेवारीतसुद्धा पहाटेचा पारा १९-२० च्या आसपास असतो. हीटरची खुंटी निळ्यावरून तांबड्याकडे कुणी वर्षानुवर्षं फिरवत नाही. म्हणूनच तर फावलं त्या गॅरेजवाल्याचं. दुरुस्त केलेला हीटर खरंच दुरुस्त झाला का, हे गोव्यात बघणार कोण आणि कधी?

गॅरेजचं नाव लिहीत नाही. आमचे भावोजी वकील आहेत, त्यांनी हात जोडून सांगितलंय की तक्रार चालू असेपर्यंत नाव छापू नका. फोंडा-पणजी रस्त्यावर आहे की दुसऱ्या कुठल्या, तेही विचारू नका. बोर्ड मोठा आहे, गर्दी असते, आणि मी तिथे सहा वर्षं गाडी नेत होतो. अनोळखी माणसाकडून फसलो असतो तर एवढं लागलं नसतं.

डिसेंबरात बेळगावला लग्न होतं. परतताना पहाटे पाचला चोर्ल्याच्या घाटात दाट धुकं, समोरची काच आतून धुरकटलेली. काचेवर गरम हवा सोडली तर येते ती कोमट. घाट उतरताना तर गारच. वाटेत चहाला थांबलो, इंजिन चालूच होतं, तेव्हा मात्र हवा जरा ऊबदार लागली. पुन्हा निघालो की गार. शेवटी एसी लावून, फडक्याने काच पुसत पुसत केरीला उतरलो. ही एवढी हकीकत मी गॅरेजच्या मेस्ताला, म्हणजे मेकॅनिकला, जशीच्या तशी सांगितली होती. 'उभी असताना कोमट, धावताना गार' या पाच शब्दांत सगळा रोग होता. हे मला आज कळतं. त्याला तेव्हाच कळलं असणार.

एरवी मी हीटरकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मुलगा दोन मित्रांना घेऊन हीच गाडी मनालीला नेणार होता, पुढे अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये. १८ जानेवारीला निघायचं ठरलेलं. बाप म्हणून मीच आग्रह धरला, हीटर ठीक केल्याशिवाय गाडी मिळणार नाही. मुलगा म्हणत होता, "बाबा, जाऊ दे, जॅकेट आहेत." त्याचं ऐकलं असतं तर!

मेस्ताने बॉनेट उघडलं, इंजिन पंधरा मिनिटं चालवलं आणि आतल्या भिंतीत जाणारे हीटरचे दोन रबरी पाइप दाखवले. "पात्रांव, हात लावन पळयात." लावला. दोन्ही सारखेच कोमट. "पळयलें? कोर ब्लॉक जाला. डॅशबोर्ड काडचो पडटलो." म्हणजे कोर तुंबलाय, डॅशबोर्ड काढावा लागेल. मी मान डोलावली. आता ऐका. हीटरचा कोर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटर. एका पाइपाने इंजिनचं गरम पाणी आत जातं, दुसऱ्याने बाहेर येतं. कोर तुंबला असेल तर आत जाणारा पाइप चटका देईल आणि बाहेर येणारा गार लागेल. दोन्ही सारखेच कोमट असतील तर कोर चांगला आहे, मुळात पाणीच तापत नाही. म्हणजे त्याने माझाच हात धरून मला खरं उत्तर दाखवलं आणि तोंडाने उलटं सांगितलं, आणि मी माझ्या हातापेक्षा त्याच्या तोंडावर विश्वास ठेवला.

हिशोब असा. हीटर कोर ९,८००. डॅशबोर्ड उतरवून चढवण्याची मजुरी ६,५००. वॉटर पंप ४,२००, कारण 'आतां काडलाच जाल्यार बदलून सोडूंया'. कूलंट, म्हणजे इंजिनात पाण्याऐवजी घालायचं, थंडीत न गोठणारं द्रव, २,३६०. फ्लशिंग १,८००. आणि काम करताना एसीचा गॅस सोडावा लागतो म्हणून पुन्हा गॅस, २,७५०. एकूण २७,४१०. मी घासाघीस करून वरचे ४१० कमी करून घेतले आणि घरी येऊन बायकोला ते कौतुकाने सांगितलं. ती ४१० चा आकडा अजून विसरलेली नाही.

मी ३१ वर्षं सरकारच्या लेखा खात्यात काढली. एक सही राहिली, तारखेवर खाडाखोड दिसली, तर दुसऱ्यांची बिलं परत पाठवणारा माणूस मी. आणि त्या दिवशी मी काय घेऊन आलो? वहीतून फाडलेला कागद, वर 'एस्टिमेट' लिहिलेलं, ना शिक्का, ना नंबर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी वर चढेल, वायट दिसना जाल्यार करतां (वाईट वाटत नसेल तर करतो). वाचतील चार पैसे म्हणून मीही गप्प बसलो. आगाऊ १०,००० फोनवरून पाठवले, तेही गॅरेजच्या नव्हे, कुणा बाईच्या खात्यात. उरलेले १७,००० रोख. म्हणजे आज माझ्याकडे पुरावा आहे तो १०,००० चा, आणि तोही अशा नावावर जिचा गॅरेजशी काय संबंध ते मला सिद्ध करायचंय. रोख देऊ नका. कुणी कितीही ओळखीचा असू दे, देऊ नका.

आता ज्या क्षणाबद्दल मी रात्री उठून बसतो, तो सांगतो. गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने 'तुमचा जुना कोर' म्हणून एक पितळी-काळपट वस्तू टेबलावर ठेवली. जाळीत मातीचा थर, नळ्या गंजून हिरव्या. मी बोट फिरवलं तर बोटाला कोळिष्टक लागलं. कोळ्याचं जाळं! जी वस्तू आदल्या दिवसापर्यंत पाण्याने भरलेली गाडीत बसलेली होती, जी काढताना खाली पाणी सांडतं, तिच्यावर जाळं कधी विणलं गेलं? ती ओली असायला हवी होती, कूलंटचा वास यायला हवा होता. ती खडखडीत कोरडी होती. आणि मी काय केलं? शी म्हणून रुमालाला बोट पुसलं आणि विचारलं, "एवढी घाण होती होय आत?" तो म्हणाला, "मग सांगतां कितें!" जुना भाग सोबत द्या म्हटलं तर म्हणाला, भंगारात वजनावर जातो. जुना भाग तुमचा असतो, घरी आणा, माळ्यावर पडू दे.

हीटर चालवून दाखव म्हटलं तेव्हा त्याने गॅरेजात उभ्या गाडीत, बंद काचांत, इंजिन रेस करून दाखवला. उभ्या गाडीत तो आधीही कोमट व्हायचाच. बाहेर ऊन, आत पाच माणसं, मला घाम फुटला, मी म्हटलं झाला. निदान रस्त्यावर वीस मिनिटं चालवून, धावत्या गाडीत हवेच्या तोंडाशी हात धरून बघायला हवं होतं. चांगल्या हीटरसमोर हात फार वेळ ठेववत नाही.

२२ तारखेला कुल्लूहून मुलाचा फोन. "बाबा, हीटर बर्फ फेकतोय." तिथल्या एका मेकॅनिकने दहा मिनिटांत सांगितलं. त्याने आधी तापमानाचा काटा बघितला. गाडी अडीचशे किलोमीटर धावून आलेली, तरी काटा मधोमध यायचं नाव नाही. मग थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅटच नाही. रिकामी खोबण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, तीन वाक्यांत. थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारा वॉल्व. पाणी ठरावीक तापमानाला, पुष्कळ गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना, पोचेपर्यंत तो रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो. तोच काढून टाकला तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं, धावत्या गाडीत वाऱ्याने गार होतं आणि हीटरला मिळतं ते कोमट.

आणि तो काढला कुणी? मी नेहमीच्या सवयीने गाडीच्या खर्चाची वही काढली. दोन वर्षांमागच्या मे महिन्यात अनमोड घाटात गाडी तापली होती. त्याच गॅरेजची नोंद, माझ्याच अक्षरात: 'फॅन मोटर बदलली, वॉल्व काढला, १,९००.' तेव्हा तो म्हणाला होता, "गोंयांत वॉल्व लागना." त्याखालच्या पानांवर पेट्रोलचा हिशोब. लिटरला १६.८ जाणारी गाडी त्या महिन्यापासून १५.१ वर आलेली. मी दोन वर्षं पेट्रोल पंपाला शिव्या घातल्या.

कुल्लूच्या माणसाने आणखी एक गोष्ट दाखवली. हीटरच्या पाइपांच्या क्लिपांवर कंपनीच्या रंगाचा ठिपका तसाच्या तसा होता, डॅशबोर्डच्या स्क्रूंवर पान्याचा ओरखडाही नव्हता. म्हणजे कोर कधी निघालाच नाही. वॉटर पंपही जुनाच. आणि २,३६० च्या कूलंटच्या जागी? नळाचं पाणी, गंजाने तांबूस झालेलं. इथे माझं डोकं फिरलं. पैसे गेले ते गेले, पण उणे तापमानात रात्रभर ती गाडी उभी राहिली असती, आतलं पाणी गोठून फुगलं असतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला असता. तीन पोरं बर्फात अडकली असती. थर्मोस्टॅट पॅकिंगसकट १,१५०, कूलंट १,२५०, मजुरी ५००. सगळे मिळून २,९००, पक्क्या बिलासह. परक्या मुलखात, घाईत असलेल्या पर्यटकाला.

आता आमच्या व्यवस्थेबद्दल. पोलीस स्टेशनात अडीच तास बसलो. पहिल्याने सांगितलं, हद्द आमची नाही. दुसऱ्या स्टेशनात म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं, न बदललेल्या भागाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही का? त्यावर एक हसून म्हणाला, "काका, आता ४२० राहिलं नाही, ३१८ झालं." कलमाचा नवा नंबर त्याला पाठ होता, अर्ज मात्र घेतला नाही. घेतला तो तिसऱ्या खेपेला, भावोजी सोबत आले तेव्हा, आणि पोच मागितली तर साहेब जेवायला गेले. करवाल्या कचेरीत गेलो, बिल न देता धंदा करतो म्हणून. तिथे म्हणाले, पुरावा काय? बिल दिलं नाही याचा पुरावा म्हणून बिल मागताहेत! वाहतुकीच्या कचेरीत विचारलं तर गॅरेज आमच्याकडे येत नाही, फक्त गाड्या येतात. आणि सगळीकडे तो एकच प्रश्न, "तुम्ही शिकलेले, मग असं कसं केलंत?" अहो, कारण मला वाटलं, सहा वर्षांचा माणूस आहे. शिकलेल्या माणसाने प्रत्येक वेळी डॅशबोर्डाखाली झोपून स्क्रू मोजायचे का?

ग्राहक आयोगाकडे मात्र जरूर जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. आधी १९१५ वर फोन करून तक्रारीचा नंबर घ्या. मुलाने कुल्लूत काढलेले फोटो, तिथलं बिल, माझी वही, फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, सगळं मी जोडलंय. आता वाटतं, त्या कोळिष्टकाचाही फोटो काढायला हवा होता.

गेल्या आठवड्यात त्याच्याकडे पुन्हा गेलो, पैसे परत मागायला. तो नव्हता. पोरगा चहा घेऊन आला आणि मागच्या फळीवर माझं लक्ष गेलं. तीच वस्तू, तीच वाकडी नळी, मातीत माझ्या बोटाची रेघ अजून तशीच. भंगारात गेलेली म्हणे. मी खिशातून फोन काढेपर्यंत पोराने ती उचलून आत नेली. चहा तिथेच ठेवून मी बाहेर आलो.

पोलीस स्टेशनातून काल फोन आला, मंगळवारी बोलावलंय. अर्जाच्या दोन झेरॉक्स आणा, आधार कार्ड आणा, आणि गॅरेजचं मूळ बिल आणा.