क्रीडाशिक्षकांसाठीचा प्रथमोपचार वर्ग : हात तयार झाले, मैदान राहून गेले

शाळेतील क्रीडाशिक्षकाकडे प्रथमोपचाराचे वैध प्रमाणपत्र असावे, अशी अट अनेक ठिकाणी घातली जाते आणि ती पुरी करण्यासाठी मी नुकताच दोन दिवसांचा एक वर्ग केला. यापूर्वी याच कामासाठी मी ऑनलाइन अभ्यासक्रम केला होता. चित्रफिती पाहून शेवटी पर्यायी प्रश्न सोडवले की प्रमाणपत्र हाती पडत असे. त्या कागदाची खरी किंमत मला या वर्गात पहिल्या तासाभरातच कळली.

येथे सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देण्याच्या सरावासाठी दोघांमागे एक पुतळा होता आणि छाती पुरेशी दाबली गेली की त्यातून ‘टक्’ असा आवाज येत असे. मिनिटाला 100 ते 120 या गतीने, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर आणि मुलाची छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल दाबायची, 30 वेळा दाबले की दोनदा श्वास द्यायचा, हे सारे मला तोंडपाठ होते. तरीही दीड मिनिटातच माझ्या पुतळ्याचा आवाज विरळ होत गेला, आणि मी मात्र पहिल्याच जोराने दाबतो आहे अशा समजुतीत होतो. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, हे खांदे भरून आल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर प्रशिक्षिका स्वतः जमिनीवर आडव्या झाल्या आणि हृदय बंद पडलेला माणूस सुरुवातीला कसे आचके देतो ते त्यांनी करून दाखवले. आमच्यापैकी बहुतेकांनी ‘श्वास चालू आहे’ असे ठामपणे सांगितले. त्यांत मीही होतो.

छातीवरील आघाताचा भागही उत्तम झाला. चेंडू किंवा कोपर छातीवर नेमक्या क्षणी आदळले तर धडधाकट मुलाचे हृदयही बंद पडू शकते. 2 जानेवारी 2023 रोजी अमेरिकी फुटबॉलपटू डमार हॅमलिन असाच सामन्यात कोसळला होता आणि मैदानावरच सीपीआर व एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) मिळाल्यामुळे वाचून पुढे पुन्हा खेळला. सीपीआर न मिळता एईडीच्या झटक्याला जितकी मिनिटे उशीर होतो, त्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. घोळणा फुटल्यास मान मागे टाकू नये, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग धरावा. पडलेला पक्का दात मुळाला हात न लावता दुधात ठेवून लगेच दंतवैद्याकडे न्यावा, असे लहानसहान विषयही नीट उरकले गेले.

तक्रार आहे ती पुढच्या भागाबद्दल. डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या धक्क्यासाठी जेमतेम वीस मिनिटे मिळाली आणि उदाहरण होते गोदामात शिडीवरून पडलेल्या कामगाराचे. मूळ अभ्यासक्रम कारखान्यांसाठी बेतलेला असावा, हे लपत नव्हते. अशा धक्क्यात बहुतेक वेळा शुद्ध हरपतच नाही. मूल उठून उभे राहते, ‘सर, मी ठीक आहे’ म्हणते, सामना बरोबरीत असतो आणि बाहेरून पालक ओरडत असतात. संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचे नाही, हा नियम सांगायला एक वाक्य पुरते. पण तो त्या गलक्यात पाळण्याचा सराव आम्हांला कोणी दिला नाही.

उष्माघाताच्या बाबतीत तर हातात दिलेले टिपणच अपुरे होते. सावलीत न्यावे, पाणी पाजावे, रुग्णवाहिका बोलवावी, एवढेच त्यात लिहिले होते. शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलेल्या आणि बरळू लागलेल्या मुलाला पाणी पाजणे धोक्याचे असते. त्याला थंड पाण्यात बसवून, ते नसेल तर सतत पाणी ओतून आणि बर्फाची ओली फडकी लावून तिथेच थंड करायला घ्यायचे, रुग्णवाहिका आली तरी आधी थंड करणे आणि मग हलवणे हा क्रम ठेवायचा. मी हे विचारल्यावर प्रशिक्षिकांनी तत्काळ मान्य केले, म्हणजे उणीव त्यांच्या ज्ञानात नसून आखणीत होती.

त्यांनी जाताना एक घरचा अभ्यास दिला होता : मैदानाच्या सर्वांत दूरच्या टोकापासून एईडी आणायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजावे. मी सराव संपल्यावर, सायंकाळी मोजले. धावत जाऊन पोहोचायला दीड मिनिट लागले, पण यंत्र कार्यालयाच्या कपाटात होते, कार्यालयाला कुलूप होते आणि किल्ली घेऊन लिपिक घरी गेले होते.

प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची आहे, परंतु हाताची सवय काही महिन्यांतच मोडू लागते. म्हणून सहा महिन्यांनी होणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या उजळणीसाठी मी आताच नाव नोंदवले आहे. सीपीआरसाठी हा वर्ग निःशंकपणे करावा. डोक्याचा मार आणि उष्माघात यांसाठी मात्र खेळाडूंवर उपचार करणाऱ्या एखाद्या डॉक्टरांचे वेगळे सत्र शाळेकडे मागून घ्यावे. मी तसा अर्ज दिला आहे, आणि त्याच अर्जात कपाटाच्या दुसऱ्या किल्लीचीही मागणी केली आहे.