‘सगळ्यावर चालणारा’ इन्सर्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

रबाळे एमआयडीसीतील आमच्या छोट्या कारखान्यात ईएन ८ (मध्यम कार्बनचे पोलाद), एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), बीड (कास्ट आयर्न) आणि अ‍ॅल्युमिनियम असे सर्व प्रकारचे जॉब येतात. त्यामुळे ‘साहेब, हा सगळ्यावर चालतो’ असे सांगून विक्रेत्याने दिलेल्या इन्सर्टचा, म्हणजे लेथच्या टूलवर बसवायच्या कार्बाइडच्या धारदार तुकड्याचा, कस काही महिन्यांत चांगलाच लागला. ईएन ८ पुरते त्याचे म्हणणे खरे आहे. पी२५ वर्गातील (पोलादासाठीचा), सीव्हीडी लेपाचा (वायूंच्या रासायनिक क्रियेतून चढवलेल्या कठीण थराचा), सीएनएमजी १२०४०८ या आकार-मापाचा इन्सर्ट मिनिटाला २०० मीटरच्या आसपासच्या वेगाने चालवला, तर त्याच्या चारही धारा सारख्या झिजतात आणि धार केव्हा फिरवायची याचा अंदाज ऑपरेटरला आधीच येतो.

एसएस ३०४ वर मात्र त्याचा टिकाव लागत नाही. हा धातू कापला जाताना वरच्या थरात कडक होत जातो, शिवाय उष्णता लवकर वाहून नेत नाही. परिणामी कटच्या खोलीच्या रेषेवर धारेला खाच पडते आणि तिथूनच ती तुटते. एम वर्गातील (स्टेनलेससाठीचा), पातळ पीव्हीडी लेपाचा (निर्वातात वाफेतून चढवलेल्या थराचा), तीक्ष्ण धारेचा इन्सर्ट लावून वेग १३० मीटरपर्यंत उतरवल्यावर हा त्रास बराच कमी झाला. फीड (जॉबच्या प्रत्येक फेरीला टूल पुढे सरकण्याचे अंतर) मात्र भीतीपोटी कमी करू नये, कारण अगदी बारीक फीडवर धार आधीच्या फेरीत कडक झालेल्या थरातच घासत राहते.

बिडासाठी के वर्ग घ्यावा, त्यात फारसे विचार करण्यासारखे काही नाही. अ‍ॅल्युमिनियमसाठी लेप नसलेला, चकचकीत पॉलिशचा इन्सर्टच बरा. टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडच्या लेपाला हा धातू चिकटतो.

सुमारे ६० एचआरसीपर्यंत (रॉकवेल मापाने) कठीण केलेल्या शाफ्टसाठी घेतलेल्या सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) इन्सर्टची किंमत ऐकून हिशेबनीस गप्प झाले होते, परंतु ग्राइंडिंगसाठी जॉब बाहेर पाठवणे थांबल्याने प्रत्येक नगामागचा हिशेब जुळतो. त्याच कामाला पीसीडी, म्हणजे कृत्रिम हिऱ्याचे टूल, सुचवणाऱ्यांचे ऐकू नये. हिऱ्यातील कार्बन तापलेल्या लोखंडात विरघळतो.

एचएसएस (हायस्पीड स्टील) अजून कपाटात आहेच. सुमारे ६०० अंशांपुढे ते मऊ पडते हे खरे, पण कार्बाइडला लागणारा वेग आमच्या जुन्या लेथला झेपत नाही, आणि एसएसमध्ये टॅप मारताना (छिद्रात आटे पाडताना) ५ टक्के कोबाल्टच्या एम३५ या एचएसएसचा टॅप जेवढा ताण सोसतो, तेवढा ठिसूळ कार्बाइडचा सोसत नाही.