जोडलेले रस्ते की बंद गल्ल्या?

नव्या वसाहतीची आखणी ठरवायची वेळ येते तेव्हा समोर साधारण दोन तऱ्हेचे नकाशे असतात. एकात उभ्या-आडव्या रस्त्यांची जाळी आणि थोड्या-थोड्या अंतरावर चौक. दुसऱ्यात एकच मुख्य रस्ता, त्याला फुटलेले फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला बंद गल्ली.

बंद गल्लीत परक्या गाड्या शिरत नाहीत, मुलं दारापुढे खेळतात. रस्त्यांखाली जमीनही कमी जाते, म्हणून विकासकाला ती परवडते. न्यू जर्सीत १९२९ मध्ये वसवलेल्या रॅडबर्नमध्ये गल्ल्या अशाच बंद ठेवल्या होत्या. पण तिथे घरांच्या मागून बागेतून जाणाऱ्या पायवाटाही होत्या. पुढे ठिकठिकाणी गल्ल्यांची नक्कल झाली, पायवाटा मात्र राहून गेल्या. मग पाठीला पाठ लागलेल्या घरातल्या मैत्रिणीकडे जायचं तरी गल्लीबाहेर पडून मुख्य रस्त्याने वळसा घालावा लागतो. माणूस गाडी काढतो, आणि सगळ्या गाड्या एकाच तोंडाशी तुंबतात. बस आत शिरली तर आल्या वाटेने परत फिरते, म्हणून बहुधा ती शिरतच नाही.

जाळीच्या नकाशालाही डोळे झाकून होकार देऊ नका. चौक किती अंतरावर आहेत ते मोजा. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये दोन रस्त्यांमधल्या भूभागाची बाजू सुमारे ६१ मीटर, बार्सिलोनात अभियंता सेर्दाच्या १८५९ च्या आराखड्यात ११३ मीटर आणि सॉल्ट लेक सिटीत सुमारे २०० मीटर. कागदावर तिन्ही जाळ्याच. पायांना मात्र फरक लगेच कळतो.

राहिला प्रश्न शांततेचा. जोडलेला रस्ता गाड्यांना कधीही बंद करता येतो, चार खांब रोवले की झालं. नेदरलँड्समधल्या हाउटनमध्ये मोटारींना बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याने फिरून जावं लागतं, सायकली सरळ मधून जातात. बंद गल्ली उघडायची तर मध्ये कुणाचं तरी घर उभं असतं. इमारती पाडून पुन्हा बांधल्या जातात, रस्त्यांच्या रेषा मात्र शतकानुशतकं तशाच राहतात. म्हणून माझा कौल जाळीला.

तुमच्याकडे बंद गल्ल्यांचाच नकाशा ठरून गेला असेल, तर निदान प्रत्येक टोकाला पलीकडे निघणारी तीन मीटरची पायवाट आखून घ्या, आणि तीही भूखंड विकले जाण्याआधी.