चार फुटी टाकी, कडीपाटाची जमीन आणि चार बोल्ट : चौदा महिन्यांनंतर

टाकी नेहमीचीच. चार बाय दीड बाय दीड, दहा एमएम काच, खाली लोखंडी स्टँड. फिल्टर चांगला आहे, मासे जिवंत आहेत, त्याबद्दल वेगळं काही लिहिण्यासारखं नाही. लिहायचंय ते स्टँडच्या पायांखाली दिलेल्या चार बोल्टांबद्दल. दुकानदाराने 'ॲडजस्टेबल लेव्हलिंग' म्हणून त्याचे आठशे रुपये वेगळे लावले होते, आणि मी घासाघीस न करता दिले. हे दुःख जास्त आहे.

आम्ही नारायण पेठेत जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर राहतो. खाली काकू, त्यांच्या छताला म्हणजे आमच्या जमिनीला सागवानी कड्या, कड्यांवर पाट. चालताना काही ठिकाणी जमीन कुरकुरते. मुलगा धावला की कपाटातल्या कपबश्या वाजतात. अशा घरात टाकी आणायची म्हटल्यावर आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकूंच्या देवघराच्या डोक्यावर तलाव नकोय मला." म्हणून देवघराची भिंत सोडून समोरची भिंत धरली.

वजन मी आधीच काढलं होतं. नऊ घनफुटांची टाकी, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी सव्वादोनशे लिटर, म्हणजे तेवढेच किलो. काच पन्नास, वाळू-दगड चाळीस-पंचेचाळीस, स्टँड पंचवीस. एकूण साडेतीनशेच्या घरात. भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. टाकी उभी राहते अर्ध्या चौरस मीटरपेक्षा जरा जास्त जागेवर, म्हणजे तिथे सहाशेच्या वर. आकडा बघून घाम फुटला. मग लक्षात आलं की तो नियम सगळ्या खोलीभर पसरलेल्या वजनाचा आहे, आणि साडेतीनशे किलो म्हणजे कोपऱ्यात उभी राहिलेली पाच माणसं. हळदीकुंकवाला याच खोलीत पंधरा बायका बसतात. पण त्या तासाभराने उठून जातात, टाकी उठत नाही. लाकडावर कायमचं वजन ठेवलं की ते महिनोन्महिने हळूहळू वाकत राहतं, आणि पावसाळी दमट हवेत जरा जास्तच.

जागा मात्र बरोबर निवडली होती. कड्या ज्या भिंतीत रुतल्या आहेत त्याच भिंतीला लागून, कड्यांना आडवी टाकी. म्हणजे वजन चार कड्यांवर, तेही त्यांच्या टोकाजवळ. खोलीच्या मधोमध ठेवली असती तर याच वजनाने कड्या कितीतरी जास्त वाकल्या असत्या. टाकी कड्यांना समांतर ठेवली तर सगळा भार एकदोन कड्यांवर. पाटांवर विसंबू नका, पाट फक्त पाय ठेवायला असतात.

आता खरी मजा. भरलेली टाकी हीच सगळ्यात मोठी पाणसळ आहे. पाणी कायम सपाट, वाकडी होते ती काच. पहिल्याच दिवशी चारही कोपऱ्यांवर मार्करने बारीक रेघ मारली : काचेच्या कडेपासून पाण्यापर्यंत चारही ठिकाणी 38 मिलिमीटर. दर रविवारी फिल्टर बंद करून, पाणी शांत झालं की स्टीलच्या पट्टीने मोजायचं. बायको म्हणाली, "माशांकडे कधीतरी बघ."

मे महिन्यात टाकी भरली. जुलैपर्यंत पुढचे दोन कोपरे 36, मागचे दोन 38. म्हणजे टाकी खोलीकडे दोन मिलिमीटर झुकली. हे चालतं. समोरासमोरचे कोपरे तिरके जोडून बेरीज केली तर दोन्हीकडे 74 येते. बेरजा सारख्या म्हणजे टाकी नुसती झुकलीय, तिला पीळ पडलेला नाही. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं तरी दोन्ही बेरजा सारख्याच वाढतात, म्हणून ही युक्ती फसत नाही. टाकी असलेल्यांनी एवढं एकच लक्षात ठेवलं तरी पुरे. झुकाव काच सोसते, पीळ सिलिकॉनच्या सांध्यात जातो.

ऑगस्टअखेर मागचा डावा कोपरा 35 झाला. बाकी तिघे जागेवर. बेरजा 71 आणि 74.

दुकानात फोन केला. उत्तर आलं, "साहेब, त्यासाठीच तर बोल्ट दिलेत. पाना लावा, फिरवा, होईल सरळ." मी भरल्या टाकीखाली आडवा होऊन तो बोल्ट पाऊण आटा फिरवला. कोपरा 37 वर आला. मोठा आनंद. तीन दिवसांनी, ऐन गणपतीत, खालून काकूंची हाक : "अरे, मखराच्या मागे भिंतीला ओल कशी आली?"

मागच्या कोपऱ्याचा सांधा पाझरत होता. रात्री अकरा वाजता मासे कपड्यांच्या टबात, टाकी बादली बादलीने रिकामी, आणि खाली आरतीचे पाहुणे.

दुकानदार म्हणाला, गॅरंटी काचेची आहे, जमिनीची नाही. मी चिडून चार सुनावले. स्टँड रद्दी आहे, वेल्डिंग वाकडं आहे, वगैरे. पुन्हा सिलिकॉन करून घ्यायला अठराशे पडले, शिवाय आठवडाभर ते वाळेपर्यंत टबातलं पाणी रोज बदला.

त्या वेळी हे लिहिलं असतं तर स्टँडला शून्य दिलं असतं. मग सुतार मिस्त्री आले आणि मत बदललं. त्यांनी काकूंकडे स्टुलावर चढून कड्यांना पटाशीच्या मुठीने ठोकायला सुरुवात केली. तीन कड्या खणखणीत. डावीकडची भिंतीपाशी भद्द वाजली. पटाशीचं टोक बोटाच्या पेराएवढं आत गेलं आणि कॉफीच्या भुकटीसारखा भुसा खाली पडला. भिंतीत मुरलेल्या ओलीने टोक कुजलेलं. वेल्डिंगचा काही दोष नव्हता. दुकानदाराचं ते वाक्यही तसं खरंच होतं, फक्त गॅरंटीपुरतं.

बोल्टांना मात्र मी माफ करणार नाही. बोल्टची खालची चकती पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठी. एवढ्याशा चकतीवर ऐंशी-नव्वद किलो. पाट उचलला तर त्यावर चकतीचा गोल ठसा उमटलेला होता. आणि भरल्या टाकीचा एक पाय वर उचलायचा म्हणजे सगळा ताण सांध्यावर एकदम घालायचा. सिमेंटच्या फरशीवर, टाकी रिकामी असताना, ठीक आहे.

उपाय स्वस्तात झाला. कुजलेल्या कडीशेजारी मिस्त्रींनी नवी जोडकडी बसवली आणि तिच्या भिंतीकडच्या टोकाखाली टेकू दिला. तो काकूंच्या कपाटाआड लपतो. काकूंना विचारायला मी अवघडलो होतो. त्या म्हणाल्या, "पानशेतच्या पुरात 61 साली खालचा मजला बुडाला होता, सासूबाई सांगायच्या. तुझ्या टाकीचं काय घेऊन बसलास." वर बोल्ट काढून टाकले, स्टँड पाच फुटी दोन सागवानी पट्ट्यांवर बसवला. पट्ट्या कड्यांना आडव्या, फटीत पाचरी, आणि सगळं सपाट करून मगच पाणी. टाकीखाली थर्मोकोल तसाच. त्याने बारीक खडबड झाकते, वाकडा स्टँड सरळ होत नाही.

आता दुसरा पावसाळा चालू आहे. या रविवारी पुढे 37, मागे 38, दोन्ही बेरजा 75. मुलगा धावला की पाणी अजून हलतं, ते हलणारच.

स्टँडला आता चारपैकी तीन देतो. आठशे रुपयांचे ते चार बोल्ट खिडकीत ठेवलेत. सिमेंटच्या घरात राहणाऱ्या कुणाला हवे असतील तर पाचशेला घेऊन जा. घासाघीस करणार नाही.